विल्हेल्म ब्लीक

विल्हेल्म हाइनरिख इमानुएल ब्लीक (८ मार्च, १८२७ - १७ ऑगस्ट, १८७५) हे एक जर्मन भाषाशास्त्रज्ञ होते. दक्षिण आफ्रिकेतील भाषांच्या तुलनात्मक अभ्यासाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. 'बांटू' हे भाषाकुलाचे नाव त्यांनी रूढ केले. लूसी लॉइड यांच्यासह त्यांनी केप वसाहतीतील खाम या सान समाजाच्या भाषेची आणि मौखिक साहित्याची सविस्तर नोंद केली. खाम भाषा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लुप्त झाली. आज तिच्याविषयी जे काही ज्ञात आहे, त्यातील बहुतांश भाग केपटाउनजवळच्या मोब्रे येथील ब्लीक यांच्या घरी लिहिल्या गेलेल्या वह्यांवर आधारलेला आहे. हे काम कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा स्थिर अनुदानाच्या आधाराविना, ग्रंथपालाचा पगार, वृत्तपत्रीय लेखन आणि एका लहानशा मानधनाच्या बळावर झाले. संकटग्रस्त भाषांच्या दस्तऐवजीकरणाच्या इतिहासात ते आरंभीचे आणि महत्त्वाचे उदाहरण समजले जाते.

खाम भाषेतील नावांमध्ये येणारे क्लिक ध्वनी देवनागरी लिपीत दाखवता येत नाहीत. त्यामुळे या लेखात ती नावे क्लिक ध्वनी वगळून लिहिली आहेत.

जन्म आणि शिक्षण

ब्लीक यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील फ्रीडरिख ब्लीक हे प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि बायबलचे नामांकित अभ्यासक होते. वडिलांची बॉन विद्यापीठात नियुक्ती झाल्यामुळे विल्हेल्म यांचे बालपण आणि शिक्षण बॉन शहरात झाले. हिब्रू भाषेच्या अभ्यासासाठी ते काही काळ बर्लिनला गेले असता त्यांचे लक्ष आफ्रिकेतील भाषांकडे वळले.

१८५१ साली बॉन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. दक्षिण आफ्रिकेतील भाषा आणि उत्तर आफ्रिकेतील कॉप्टिक, सेमिटिक इत्यादी भाषा यांतील नामांच्या लिंगव्यवस्थेची तुलना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यानंतर बर्लिनमध्ये त्यांनी प्राचीन इजिप्तचे अभ्यासक कार्ल रिखार्ड लेप्सियस यांच्याकडे अध्ययन केले. प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी मोझांबिकमधून आणलेले शब्दसंग्रह संपादित करण्याचे कामही त्यांनी केले. युरोपात बसून आफ्रिकी भाषांचा अभ्यास करणाऱ्यास त्या काळी धर्मप्रसारक आणि प्रवासी यांनी आणलेल्या तुटपुंज्या शब्दयाद्यांवरच अवलंबून राहावे लागे. प्रत्यक्ष भाषिकांमध्ये जाऊन काम केल्याविना हा अभ्यास पुढे जाणार नाही, अशी ब्लीक यांची धारणा झाली.

आफ्रिकेत आगमन

१८५४ साली नायजर आणि चाड्डा या नद्यांच्या शोधासाठी निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत ब्लीक यांची भाषातज्ज्ञ म्हणून निवड झाली. मात्र पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचताच त्यांना तापाने ग्रासले आणि मोहीम अर्धवट सोडून परतावे लागले. या आजारपणानंतर त्यांची प्रकृती पूर्णपणे कधीच सुधारली नाही.

इंग्लंडमध्ये असताना त्यांचा दोन व्यक्तींशी परिचय झाला. नाताळ वसाहतीचे बिशप जॉन विल्यम कोलेन्सो आणि केप वसाहतीचे नवनियुक्त गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे या त्या दोन व्यक्ती होत. कोलेन्सो यांना झुलू भाषेच्या व्याकरणाच्या कामात साहाय्यक हवा होता. त्यांच्या निमंत्रणावरून ब्लीक १८५५ साली नाताळला गेले आणि तेथे झुलू भाषिकांमध्ये राहून त्यांनी भाषा, चालीरीती आणि कथा यांचा अभ्यास केला. पुढील वर्षी ते केपटाउनला आले. ग्रे यांचे दुभाषी म्हणून काम करणे आणि त्यांच्या खासगी ग्रंथसंग्रहाची सूची तयार करणे ही कामे त्यांच्याकडे सोपवण्यात आली.

ग्रे ग्रंथसंग्रह

सर जॉर्ज ग्रे यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू झीलंड येथे प्रशासक असताना तेथील स्थानिक भाषांविषयीची पुस्तके आणि हस्तलिखिते जमवली होती. केप वसाहतीत आल्यावर त्यांनी त्यात आफ्रिकी भाषांतील साहित्याची भर घातली. त्यांच्या संग्रहात मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितेही होती. या संग्रहातील भाषाविषयक साहित्याची ब्लीक यांनी तयार केलेली सूची छापली गेली. तिच्यामुळे जगाच्या दूरदूरच्या भागांतील अल्पज्ञात भाषांसंबंधीचे साहित्य युरोपीय अभ्यासकांना ठाऊक झाले.

१८६१ साली ग्रे यांची बदली न्यू झीलंडला झाली. जाताना त्यांनी आपला संग्रह केपटाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिला आणि ब्लीक यांनाच त्याचे ग्रंथपाल नेमावे, अशी अट घातली. त्यानुसार १८६२ पासून मृत्यूपर्यंत ब्लीक या पदावर राहिले. हे पद त्यांच्या उपजीविकेचा मुख्य आधार ठरले. मात्र ग्रे यांच्या जाण्यामुळे संशोधनाला थेट पाठबळ देणारा आश्रयदाता दुरावला. उत्पन्नाला जोड म्हणून ब्लीक 'हेट फोल्क्सब्लाड' या डच वृत्तपत्रासाठी नियमितपणे लिहीत असत.

२२ नोव्हेंबर, १८६२ रोजी त्यांचा विवाह जेमिमा लॉइड यांच्याशी झाला. जेमिमा यांची थोरली बहीण लूसी लॉइड (१८३४-१९१४) त्यानंतर ब्लीक कुटुंबासमवेत राहू लागली. लूसी यांचे वडील नाताळमध्ये अँग्लिकन धर्मोपदेशक होते. भाषाशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसतानाही लूसी यांना सूक्ष्म ध्वनिभेद ओळखण्याची उत्तम जाण होती. पुढील कामात त्या ब्लीक यांच्या बरोबरीच्या सहकारी ठरल्या.

तुलनात्मक व्याकरण आणि 'बांटू' ही संज्ञा

ब्लीक यांचा प्रमुख प्रकाशित ग्रंथ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील भाषांचे तुलनात्मक व्याकरण होय. त्याचा पहिला भाग १८६२ साली आणि दुसऱ्या भागाचा काही अंश १८६९ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ अपूर्ण राहिला. झुलू, खोसा, त्स्वाना, हेरेरो इत्यादी भाषांमध्ये नामांचे अनेक वर्ग असतात, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र उपसर्ग असतो आणि त्या उपसर्गाशी वाक्यातील इतर पदांची सुसंगती राखली जाते, हे ब्लीक यांनी पद्धतशीरपणे दाखवले. या सर्व भाषा एकाच कुलातील असल्याचे त्यावरून सिद्ध होते, असे त्यांनी मांडले. यांपैकी अनेक भाषांत माणूस या अर्थाचा धातू 'न्तु' आणि अनेकवचनी उपसर्ग 'बा' असा आढळतो. त्यावरून त्यांनी या कुलाला 'बांटू' हे नाव दिले. भाषाशास्त्रात ते नाव आजही रूढ आहे. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने हा शब्द कृष्णवर्णीय लोकांसाठी सरकारी संज्ञा म्हणून वापरल्यामुळे भाषाशास्त्राबाहेर त्याला अपमानकारक अर्थ प्राप्त झाला.

१८६४ साली त्यांनी खोइखोइ समाजातील प्राणिकथांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. यातील बराच भाग धर्मप्रसारकांनी जमवून ग्रे यांच्या संग्रहाला दिलेला होता. ज्या भाषांत नामांना लिंगभेद असतो, त्या भाषिकांची कल्पनाशक्ती प्राण्यांना आणि निसर्गाला मानवी रूप देण्याकडे झुकते, असे मत ब्लीक यांनी या निमित्ताने मांडले. पुढे खाम भाषेतून मिळालेल्या विपुल प्राणिकथा या मताच्या चौकटीत सहज बसणाऱ्या नव्हत्या.

खाम समाजाची स्थिती

खाम हे केप वसाहतीच्या उत्तर भागातील शुष्क प्रदेशात शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे लोक होते. वसाहतीतील शेतकरी मेंढ्यांचे कळप घेऊन उत्तरेकडे सरकू लागले, तेव्हा पाणवठे त्यांच्या ताब्यात गेले आणि शिकारीचे प्राणी घटले. उपासमारीमुळे खाम लोक जनावरे पळवीत आणि त्याच्या प्रतिशोधार्थ शेतकऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या त्यांच्या वस्त्यांवर हल्ले करीत. अशा हल्ल्यांत पुरुष मारले जात आणि मुलांना शेतांवर राबवण्यासाठी नेले जाई. लुई आँथिंग या दंडाधिकाऱ्यांनी या हत्यांची चौकशी करून १८६३ साली केप सरकारला अहवाल सादर केला. मात्र परिस्थितीत फारसा फरक पडला नाही.

खाम भाषा वसाहतीतील कोणत्याही शाळेत, चर्चमध्ये किंवा कचेरीत वापरली जात नव्हती. शेतांवर कामाला लागलेली पिढी केप वसाहतीतील डच बोली बोलू लागली होती. ही भाषा फार काळ टिकणार नाही, याची ब्लीक यांना स्पष्ट कल्पना होती. १८६०च्या दशकात त्यांनी केपटाउनच्या तुरुंगात आलेल्या काही सान कैद्यांकडून शब्द आणि वाक्ये लिहून घेतली. मात्र तुरुंगातील त्रोटक भेटींमधून व्याकरण समजेल एवढी सामग्री मिळत नव्हती.

तुरुंगातून आलेले शिक्षक

१८७० साली केपटाउनच्या बंदरात लाटारोधक बांध बांधण्याच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांमध्ये २८ खामभाषक असल्याचे ब्लीक यांना समजले. त्यांपैकी बहुतेकांना जनावरांच्या चोरीबद्दल शिक्षा झाली होती. भाषा शिकवण्यासाठी एका कैद्याला आपल्या घरी राहू द्यावे, अशी विनंती ब्लीक यांनी केली आणि ती मान्य झाली.

तुरुंगाच्या धर्मोपदेशकाने आकुंता या तरुणाची निवड केली. ऑगस्ट १८७० मध्ये तो मोब्रे येथील 'द हिल' या ब्लीक यांच्या घरी आला. त्याच्याकडून भाषेची प्राथमिक ओळख झाली, परंतु वयाने लहान असल्यामुळे त्याला आपल्या लोकांच्या कथा फारशा ठाऊक नव्हत्या. म्हणून फेब्रुवारी १८७१ मध्ये काब्बो या वयस्कर गृहस्थांनाही आणण्यात आले. खाम भाषेत काब्बो या नावाचा अर्थ स्वप्न असा होतो. ते कुशल कथनकार होते आणि आपल्या लोकांच्या गोष्टी लिखित स्वरूपात इतरांपर्यंत पोहोचाव्यात, हा हेतू त्यांना पटला होता. शिक्षेची मुदत संपल्यावरही ते मोब्रेत राहिले. घराची ओढ, पत्नी आणि मुलांची आठवण, अटकेनंतर केपटाउनपर्यंत झालेला प्रवास यांविषयीचे त्यांचे निवेदन या संग्रहातील सर्वाधिक परिचित भागांपैकी एक आहे. वृद्धापकाळात शिकार करता यावी म्हणून एक बंदूक मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. ऑक्टोबर १८७३ मध्ये ते आकुंतासह आपल्या प्रदेशात परतले आणि जानेवारी १८७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दिआक्वाइन आणि कासिन हे दोघे मोब्रेत आले. एका शेतकऱ्याच्या मृत्यूप्रकरणी त्यांना शिक्षा झाली होती. दिआक्वाइन यांची बहीण आणि कासिन यांची पत्नी असलेल्या क्वाइटेन-ता-केन १८७४ साली काही महिने तेथे राहिल्या. खाम कथनकारांमध्ये त्या एकमेव प्रमुख स्त्री होत्या आणि मुलीच्या प्रथम ऋतुप्राप्तीशी संबंधित कथा व निर्बंध यांची माहिती त्यांच्याकडून मिळाली. काब्बो यांचे जावई हान्कासो हे ब्लीक यांच्या मृत्यूनंतर, १८७८ आणि १८७९ या वर्षांत लूसी लॉइड यांच्याकडे राहिले. खाम भाषेची बहुतेक सामग्री या सहा जणांनी दिलेली आहे. त्यांपैकी अनेक जण परस्परांचे नातलग होते.

नोंदींची पद्धत आणि आशय

आरंभी संभाषणासाठी केप वसाहतीतील डच बोलीचा आधार घेतला जाई. चित्रे, वस्तू आणि प्राण्यांचे नमुने दाखवून शब्द लिहून घेतले जात. भाषा अवगत होत गेली तशी पूर्ण वाक्ये आणि मग दीर्घ कथा लिहिल्या जाऊ लागल्या. वहीचे पान दोन स्तंभांत विभागलेले असे. एका स्तंभात खाम मजकूर आणि दुसऱ्या स्तंभात त्याचे इंग्रजी भाषांतर लिहिले जाई. समोरचे पान स्पष्टीकरणे आणि नंतर सुचलेल्या नोंदींसाठी मोकळे ठेवलेले असे. कथा कोणी, केव्हा सांगितली आणि त्याने ती कोणाकडून ऐकली होती, हेही नोंदवले जाई. एखादी कथा सांगून पूर्ण होण्यास काही वेळा कित्येक आठवडे लागत.

खाम भाषेत अनेक प्रकारचे क्लिक ध्वनी व्यंजने म्हणून वापरले जात. हळहळ व्यक्त करताना मराठी भाषक जिभेचे टोक दातांना लावून जो आवाज काढतात, तो त्यांपैकी एका ध्वनीच्या जवळ जाणारा आहे. बैल हाकताना जीभ गालाच्या बाजूने सोडवून काढलेला आवाज दुसऱ्या एका ध्वनीशी मिळताजुळता आहे. मराठीत हे आवाज शब्दांचे घटक नसतात. खाम भाषेत मात्र ते बदलल्यास शब्दाचा अर्थ बदले. त्यांच्या लेखनासाठी ब्लीक आणि लॉइड यांनी लेप्सियस यांच्या लिपीतील उभ्या रेघांच्या चिन्हांचा वापर केला. तशीच चिन्हे आज आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत क्लिक ध्वनींसाठी वापरली जातात.

दोघांच्या कामाची ढोबळ विभागणी अशी होती की, ब्लीक यांनी व्याकरण आणि शब्दकोशावर अधिक लक्ष दिले, तर लॉइड यांनी कथा आणि निवेदने लिहून घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. संग्रहातील बहुसंख्य वह्या लॉइड यांच्या हस्ताक्षरात आहेत. काग्गेन या प्रार्थनाकीटकरूपी नायकाच्या कथा, चंद्र आणि ससा यांच्या वादातून मृत्यू कसा आला याची कथा, एका मुलीने चुलीतली राख आकाशात उधळून आकाशगंगा निर्माण केल्याची कथा, पाऊस पाडण्याचे विधी, शिकारीचे नियम आणि वैयक्तिक आठवणी असा या वह्यांचा विस्तृत आशय आहे.

१८७४ साली मालुती पर्वतातील गुहाचित्रांच्या जोसेफ ऑर्पेन यांनी केलेल्या प्रतिकृती ब्लीक यांच्याकडे आल्या. त्यांनी त्या दिआक्वाइन यांना दाखवून त्यांचे स्पष्टीकरण लिहून घेतले. ही चित्रे म्हणजे निव्वळ करमणुकीसाठी केलेली रेखाटने नसून त्यांचा संबंध पुराणकथा आणि विधींशी आहे, असे मत ब्लीक यांनी 'केप मंथली मॅगझिन'मध्ये मांडले. गुहाचित्रांचा अर्थ त्या समाजाच्या मौखिक परंपरेच्या आधारे लावण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होता.

संशोधनासाठी निधीचा प्रश्न

ब्लीक यांचे जवळपास सारे आयुष्य आर्थिक ओढाताणीत गेले. ग्रंथपालाचे काम हेच त्यांचे अधिकृत काम होते. भाषांच्या नोंदीसाठी त्यांना उरलेल्या वेळेतून अवधी काढावा लागे. १८७० साली ब्रिटिश सरकारने त्यांच्या विद्वत्तेची दखल घेऊन सिव्हिल लिस्टमधून वर्षाला १५० पौंडांचे मानधन मंजूर केले. खाम भाषेचे सलग काम सुरू झाले तेही याच वर्षी.

एखाद्या अलिखित भाषेची नोंद करण्याचे काम पुस्तकी संशोधनाहून अधिक खर्चिक असते, हे मोब्रेतील अनुभवावरून दिसून आले. भाषिकांना आपल्या प्रदेशातून शेकडो किलोमीटर दूर ठेवावे लागे. त्यांच्या निवासाची, अन्नवस्त्राची आणि परतीच्या प्रवासाची व्यवस्था करावी लागे. ते थांबण्यास तयार व्हावेत म्हणून त्यांच्या कुटुंबीयांनाही बोलवावे लागे. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला थांबवून ठेवण्याचा कोणताही अधिकार ब्लीक यांच्याकडे नव्हता. कथनकार परत गेला की अर्धवट राहिलेली कथा आणि शंका यांचे निरसन करणारे दुसरे कोणी मिळेलच, याची शाश्वती नसे. घरातील दैनंदिन व्यवस्थेचा भार जेमिमा ब्लीक यांनी सांभाळला.

ब्लीक यांनी केप सरकारच्या स्थानिक प्रजाविषयक खात्याकडे आपल्या कामाचे अहवाल पाठवले. त्यांपैकी पहिला १८७३ साली आणि दुसरा १८७५ साली केप संसदेपुढे ठेवण्यात येऊन छापला गेला. जमलेल्या सामग्रीची सूची देणे, तिचे महत्त्व पटवणे आणि काम चालू ठेवण्यासाठी साहाय्य मागणे हा या अहवालांचा हेतू होता. अभ्यासकाला वेळ पुरवणे, भाषिकांचा खर्च उचलणे आणि जमलेली सामग्री छापून सुरक्षित करणे अशा तिन्ही गोष्टींची गरज या कामात होती. यांपैकी छपाईसाठीचे साधन ब्लीक यांना त्यांच्या हयातीत मिळू शकले नाही.

मृत्यू

प्रकृती खालावत असतानाही ब्लीक यांनी काम थांबवले नाही. १७ ऑगस्ट, १८७५ रोजी मोब्रे येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वायनबर्ग येथील अँग्लिकन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. तुलनात्मक व्याकरण आणि खाम शब्दकोश हे त्यांचे दोन्ही मोठे प्रकल्प त्यावेळी अपूर्ण होते. खाम भाषेतील एकही मोठा कथासंग्रह तोपर्यंत प्रसिद्ध झालेला नव्हता.

लूसी लॉइड यांनी पुढे चालवलेले कार्य

ब्लीक यांच्यानंतर ग्रे संग्रहाचे काम लूसी लॉइड यांच्याकडे देण्यात आले, मात्र ब्लीक यांच्या निम्म्या पगारावर. १८८० साली त्यांना या पदावरून दूर करण्यात आले. याविरुद्ध त्यांनी केलेला न्यायालयीन प्रयत्न यशस्वी झाला नाही. या काळातही त्यांनी नोंदीचे काम सुरू ठेवले. हान्कासो यांच्याकडून त्यांनी मोठी सामग्री लिहून घेतली आणि १८७९ ते १८८२ या काळात उत्तरेकडून आलेल्या चार कुंग मुलांकडून त्यांची भाषा आणि चित्रे जमवली. १८७९ साली केपटाउनमध्ये स्थापन झालेल्या लोकविद्या मंडळाच्या आणि त्याच्या नियतकालिकाच्या कामात त्यांचा पुढाकार होता. गुहाचित्रांच्या प्रतिकृती करणारे जॉर्ज स्टो यांचे १८८२ साली निधन झाल्यावर त्यांचा चित्रसंग्रहही लॉइड यांनी विकत घेतला आणि तो विखुरला जाण्यापासून वाचवला.

१८८९ साली लॉइड यांनी पुढील सामग्रीचा अहवाल प्रसिद्ध केला. निवडक कथांचे पुस्तक छापण्यासाठी त्यांना दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले. अखेर १९११ साली लंडनमध्ये 'स्पेसिमेन्स ऑफ बुशमन फोकलोर' हा ग्रंथ ब्लीक आणि लॉइड यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात खाम मजकूर आणि इंग्रजी भाषांतर समोरासमोर छापलेले आहे. ब्लीक यांच्या मृत्यूला तोपर्यंत ३६ वर्षे झाली होती. १९१३ साली केप ऑफ गुड होप विद्यापीठाने लॉइड यांना मानद डॉक्टरेट दिली. दक्षिण आफ्रिकेत असा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

ब्लीक यांच्या कन्या डोरोथिया ब्लीक (१८७३-१९४८) यांनी हे काम पुढे नेले. ग्रंथ छापला जात होता त्याच सुमारास, १९१० आणि १९११ साली, त्यांनी प्रिस्का आणि केनहार्ट या भागांना भेट दिली. तेथे त्यांना खाम भाषा जाणणारे मोजकेच लोक भेटले आणि जुन्या कथा सांगू शकणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. वडील आणि मावशी यांनी जमवलेले शब्द तसेच स्वतः केलेल्या नोंदी एकत्र करून त्यांनी रचलेला सान भाषांचा शब्दकोश त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ साली प्रसिद्ध झाला.

टीका

ब्लीक यांच्या सिद्धान्तांवर त्यांच्या काळातील वंशविषयक कल्पनांचा प्रभाव होता. भाषेच्या रचनेवरून तिच्या भाषकांच्या बौद्धिक विकासाची पायरी ठरवता येते, असे ते मानत. मानवी भाषेच्या उगमाविषयीच्या त्यांच्या पुस्तकाला त्यांचे नातलग असलेले जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी प्रस्तावना लिहिली होती. सान भाषांतून मानवी भाषेची आदिम अवस्था समजेल, ही त्यांच्या अभ्यासामागील एक प्रेरणा होती. आधुनिक भाषाशास्त्राने ही मते त्याज्य ठरवली आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांच्या योजनेसाठी कैद्यांची विवस्त्र छायाचित्रे आणि शरीराची मापे घेण्याच्या कामातही ब्लीक यांचा सहभाग होता. ग्रंथांच्या शीर्षकांत त्यांनी वापरलेली 'बुशमन' आणि 'हॉटेन्टॉट' ही नावेही आज आक्षेपार्ह समजली जातात.

नोंदी ज्या परिस्थितीत झाल्या तिच्याविषयीही अभ्यासकांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. कथनकारांपैकी बहुतेक जण कैदी होते किंवा नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. ज्या वसाहतीने त्यांची भूमी घेतली, तिच्याच सरकारच्या परवानगीने ते मोब्रेत राहत होते. दुसरीकडे, काब्बो आणि इतर कथनकारांनी शिक्षेनंतरही तेथे राहून किंवा पुन्हा येऊन हे काम जाणीवपूर्वक केले, याकडेही लक्ष वेधले जाते. म्हणून अलीकडील लेखनात त्यांचा उल्लेख केवळ माहितीचा स्रोत असा न करता या संग्रहाचे सहनिर्माते असा केला जातो.

वारसा

शंभरहून अधिक वह्या आणि १०,००० हून अधिक पाने असलेला हा संग्रह केपटाउन विद्यापीठ, दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इझिको संग्रहालय येथे जतन केलेला आहे. अनेक दशके तो फारसा वापरला गेला नव्हता. १९७० च्या दशकात रॉजर ह्युइट यांच्या कथाविषयक अभ्यासामुळे आणि डेव्हिड लुईस-विल्यम्स यांच्या गुहाचित्रविषयक संशोधनामुळे त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९९७ साली युनेस्कोने त्याचा समावेश 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत केला. एकविसाव्या शतकात वह्यांची पाने संगणकीय स्वरूपात सर्वांसाठी उपलब्ध करून देण्यात आली.

२७ एप्रिल, २००० रोजी स्वीकारलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रचिन्हावरील बोधवाक्य खाम भाषेत आहे. भिन्न लोकांनी एकत्र यावे, असा त्याचा आशय आहे. त्यावेळी खाम भाषा बोलणारी एकही व्यक्ती हयात नव्हती. बोधवाक्याची रचना मोब्रे येथे नोंदवल्या गेलेल्या सामग्रीच्या आधारे करण्यात आली.